सूत संपले

चिन्नीला झोपायला आई लागत नसे, आईच्या गाऊनचं काज लागे. तेही वरून दुसरं. पहिल्या काजात बोट घालून बघितलं की तिचं तोंड वाकडं व्हायचं, तिसऱ्याकडं तर ती ढुंकूनही बघत नसे. दुसऱ्या काजात उजव्या हाताचं मधलं बोट खुपसायचं, आतून आकड्यासारखं वाकवायचं आणि मग डोळे मिटायचे, अशी या अडीच वर्षांच्या बाईची पद्धत. त्यापायी त्या काजाची अशी दशा झाली होती की त्यातून बटण काय, लिंबू गेलं असतं. सिद्धेश्वरीकडं चार गाऊन होते आणि चारही गाऊनांचा दुसऱ्या बटणाशी काडीमोड झालेला होता.

एकदा बोट अडकलं की आईनं हलायचं नाही. दुपारी एक ते तीन सोलापुरात तसंही कुणी हलत नाही, पण सिद्धेश्वरीला शिंकायचीसुद्धा चोरी. कूस बदलली की चिन्नीचे डोळे उघडत, आणि चिन्नीचे डोळे उघडले की सगळी गल्ली जागी होई.

तरी चाललं होतं. मग लॅबमधून फोन आला. चिन्नी पोटात असताना सिद्धेश्वरीनं रक्त तपासायच्या लॅबमधली नोकरी सोडली होती, आणि आता तिथल्या डॉक्टरीणबाई स्वतःहून विचारत होत्या. "तुमचा हात हलका आहे हो. पेशंट अजून तुमचं नाव काढतात. जूनच्या पहिल्या सोमवारी आलात तर जागा तुमची. नाहीतर दुसरी मुलगी बघून ठेवलीय."

'हात हलका आहे' हे सिद्धेश्वरीनं दिवसभर गोळीसारखं तोंडात घोळवलं. अडीच वर्षांत लोकांनी घरातल्या पुष्कळ गोष्टींना चांगलं म्हटलं होतं. बाळाला, बाळाच्या जावळाला, सासूच्या शेंगाचटणीला. तिच्या हाताला कुणी म्हटलं नव्हतं.

तिनं घरात सांगितलं तेव्हा सासू भाकरी थापत होती. सासूचं नाव दानम्मा. घरात अर्धं कानडी, अर्धं मराठी, म्हणून सिद्धेश्वरी तिला अत्ती म्हणे.

"लोकांचं रक्त काढायला चाललीस?" दानम्मा म्हणाली. "घरात आमचं पितीस ते पुरंना व्हय?"

"अत्ती, जाऊ का नको तेवढं सांगा."

"जा की. मी कुटं तुझा पदर धरलाय? धरणारी ती बघ, तिला विचार."

धरणारी त्या वेळी ज्वारीच्या पिठाच्या डब्यात बसून स्वतःला पीठ लावत होती.

पहिली युक्ती दानम्मानंच काढली. "गाऊनच पायजे ना तिला? आण हिकडं. मी घालते." आणि जन्मभर इरकल नेसलेल्या त्या बाईनं साडीवरूनच सुनेचा फुलाफुलांचा गाऊन चढवला. पोत्यात पोतं घातल्यासारखी दिसत ती कॉटवर आडवी झाली. सिद्धेश्वरी दाराआड. चिन्नी आली, शेजारी झोपली, दुसऱ्या काजात बोट घातलं, डोळे अर्धे मिटले. तेवढ्यात तिला कसलासा संशय आला. उठून बसली, पायाकडं गेली, गाऊनचा घेर वर उचलला आणि आत डोकं घातलं.

"आत आज्जी!" ती किंचाळली. "गाऊनमध्ये आज्जी हाय!"

चोर पकडल्यावर सुद्धा कुणी एवढं ओरडत नाही. पुढचे तीन दिवस गाऊन घातलेली बाई दिसली की चिन्नी आधी तिचा घेर उचलून आत कोण आहे ते तपासायची. शेजारची जगदेवी तेव्हापासून साखर मागायला साडी नेसून येऊ लागली.

मग एका दुपारी, एक बोट काजात अडकलेलं असताना, सिद्धेश्वरीनं स्वतःचं बोट फोनवर फिरवता फिरवता तो व्हिडिओ पाहिला. कुठल्या तरी थंड गावातली गोरी बाई. मांडीवर रंगीबेरंगी चौकोनांचं क्रोशाचं पांघरूण, पांघरुणात गुलाबी बाळ, गाढ झोपलेलं. लोक त्यातले रंग बघतात. सिद्धेश्वरीनं भोकं पाहिली. एकेका चौकोनात केवढी भोकं! काजंच काजं! आणि त्यातल्या एकाही काजाला आई चिकटलेली नाही.

ती दुसऱ्याच दिवशी नव्या पेठेत गेली. मे महिन्यात, बेचाळीस डिग्रीत, सोलापुरात लोकर मागणाऱ्या बाईकडं दुकानदार काळजीनं बघतो. "ताई, थंडी वाजतीय का?" त्यानं विचारलं. पण गुंडे दिले. लाल, पिवळा, हिरवा, निळा, आणि एक पांढरा. क्रोशाची सुई वर.

आता शिकायचं कधी, तर दुपारी एक ते तीन. चिन्नीचं बोट काजात, सिद्धेश्वरी अर्धवट आडवी, छातीवर लोकर, आणि फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून उभा. आवाज अर्थातच बंद. म्हणून तिनं खाली मराठी अक्षरं येतात ते बटण दाबलं. फोन आपोआप इंग्रजीचं मराठी करून देत होता, आणि देताना कुणाला विचारत नव्हता.

'नमस्कार मित्रांनो,' गोरी बाई हसली, 'आज आपण आजी चौकात काम करणार आहोत.'

तेवढ्यात सासरे पाणी प्यायला आत आले. रेवणप्पांचं चादरीचं दुकान, घराच्याच पुढच्या अंगाला. ते तांब्या उचलायला वाकले आणि वाचून चक्रावले. "आजी चौक?" ते कुजबुजले. "हा कुटं आला गं? विजापूर वेशीकडं?"

"मामा, तांब्या ठेवा. फोन पडंल."

मामा तहानलेलेच गेले.

चौक म्हणजे चौकोन, हे चित्रावरून कळलं. पुढं 'जादूची अंगठी करा' आलं, ते हातांकडं बघून जमलं. 'अंतराळात तीन टाके घाला' आलं, तेही भोकाला म्हणत असणार हे कळलं. अडचण एकाच ओळीची होती. गोरी बाई सुईवर लोकर घ्यायची, आणि खाली अक्षरं यायची: 'सूत संपले.' ती टाका काढायची, पुन्हा: 'सूत संपले.' पुन्हा. 'सूत संपले.'

आता सोलापुरात 'सूत संपलं' म्हणजे काय, हे कुणाला शिकवावं लागत नाही. दानम्मा लहानपणी शेजारच्या तेलुगू विणकरांच्या घरी सुताच्या कांड्या भरायला जायची. सूत संपलं की माग थांबायचा, नवी कांडी लावायची, गाठ मारायची, माग पुढं. हे तिनं सिद्धेश्वरीला लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं आणि नंतर दर आठवड्याला सांगितलं होतं. सूत संपलं म्हणजे नवं जोडायचं. त्याशिवाय का एवढे रंग येतात चौकोनात!

मडमेच्या हातातली लोकर तुटताना दिसत नव्हती हे खरं. पण स्वयंपाकाच्या व्हिडिओत कांदा चिरलेलाच असतो की, तसं गाठी मारायचं त्यांनी कापून टाकलेलं असणार. फक्त दर टाक्याला सूत तोडणं माणसाला शक्य नव्हतं, म्हणून सिद्धेश्वरीनं आपल्या पदरचा तोडगा काढला. तीन टाक्यांचा एक झुबका झाला की लोकर कापायची, दुसरा रंग जोडायचा, साधी दुहेरी गाठ.

एका चौकोनात चोवीस झुबके. चोवीस गाठी. गाठीला दोन शेपट्या. पहिला चौकोन पुरा व्हायला चार दुपारी लागल्या. तो झाला तेव्हा तिनं हलक्या हातानं उचलून उजेडात धरला आणि तिला वाटलं, हे आपण केलं. कुणी खाणार नाही, कुणी पुन्हा मळवणार नाही, संध्याकाळी परत करावं लागणार नाही.

"हे काय गं?" दानम्मानं संध्याकाळी तो चिमटीत धरला. "चौकोन हाय का शेळीची दाढी?"

"डिझाइन हाय अत्ती."

"दोरं लोंबत्यात की."

"लोंबू द्या."

'दोरे लोंबू द्या' हे वाक्य दानम्मासमोर उच्चारणं म्हणजे पुजाऱ्यासमोर चपला घालून गाभाऱ्यात शिरणं. लग्नानंतर तीस वर्षं ती दुकानात मांडीवर चादर आणि हातात कात्री घेऊन बसत आली होती. मागावरून आलेल्या चादरीचे सुटे दोरे कापून ती साफ करायची हे तिचं काम. दानम्माच्या कात्रीखालून गेलेल्या चादरीत एक दोरा सापडला तर चादर फुकट, असं रेवणप्पा गिऱ्हाइकाला सांगत, आणि कुणाला कधी फुकट मिळाली नव्हती. त्या दिवसापासून चौकोनांकडं दानम्मा मांजर उंदराकडं बघतं तशी बघू लागली.

रेवणप्पांचं दुःख वेगळं. "चादरीच्या दुकानदाराच्या घरात भोकाची चादर," ते जेवताना म्हणत. "गिऱ्हाईक मला विचारतं, थंडी आत येणार न्हाय ना? मी म्हणतो, वाराबी लाजतो. आन् आत सूनबाई भोकं विणायलीय."

सिद्धेश्वरी भोकं विणत राहिली. मे संपेपर्यंत नऊ चौकोन झाले. शुक्रवारी तिनं ते जोडले, आणि त्या दुपारी पांघरूण चिन्नीच्या हातात दिलं. चिन्नीनं आधी वास घेतला. मग उलटं करून आत आज्जी नाही ना ते बघितलं. मग एका भोकात बोट घातलं, काढलं, दुसऱ्यात घातलं, काढलं. नवव्या की दहाव्या भोकात बोट वाकवलं आणि झोपली. सिद्धेश्वरी शेजारीच होती, त्यामुळं हा काही खरा पेपर नव्हता. मास्तर शेजारी बसवून लिहिलेला. तरी ती हळूच सरकली. मग कूस बदलली. मग चक्क शिंकली. कुणी उठलं नाही.

शनिवारी सकाळी ती लॅबमध्ये जाऊन पांढरा एप्रन घेऊन आली. घरात शिरली तर दानम्मा कॉटवर बसलेली, मांडीवर पांघरूण, हातात कात्री, तोंडावर समाधान. शेजारी लोकरीच्या शेपट्यांचा रंगीत ढीग.

"बघ," ती म्हणाली. "समदी दाढी काढली. आता कसं चार लोकांत दाखवायजोगं दिसतंय."

दिसत होतं खरं. सिद्धेश्वरीला सुद्धा क्षणभर वाटलं, किती सुबक. दुपारी चिन्नीनं भोकात बोट घातलं, वाकवलं आणि जरा ओढलं. बुडाशी कापलेली गाठ सुटली. झुबका सुटला, त्याला धरून बसलेला वरचा सुटला, आणि चिन्नीला वाटलं हा खेळच आहे. तिनं खो खो हसत दुसरीकडं ओढलं. बघता बघता सहा चौकोनांचं रंगीत शेवयांचं वारूळ झालं. आणि भोक नाही म्हटल्यावर ती रडली, आणि काज शोधत आली.

सिद्धेश्वरीचा तोल गेला. "तुमाला मी जायलाच नको हाय!" ती म्हणाली. "तसं तोंडानं सांगायचं होतं की. कात्रीनं कशाला सांगितलंत?"

दानम्मा उत्तर देणारी बाई. उत्तर नसेल तर कानडीत देणारी. पण ती नुसती उठली, तो गुंता पदरात भरला आणि बाहेर दुकानात जाऊन बसली. रात्री जेवली नाही.

रविवारी सकाळी सिद्धेश्वरी चहा घेऊन दुकानात गेली तर दानम्मा एक लाल आणि एक पिवळा तुकडा घेऊन बसलेली. गाठ मारत होती, बुडाशी कापत होती, ओढत होती. गाठ सुटत होती.

"सुताची गाठ कापली की बसती," ती मान वर न करता म्हणाली. "ही उठती. हे सूत न्हवंच सिद्दव्वा, रबर हाय. मला काय माहीत? जन्मात लोकर धरली न्हाय मी. सोलापुरात कोन धरतंय?" मग तुकडे मांडीवर ठेवून, "तू जायचंस. तू घरात नसलीस तर ती माझ्याजवळ झोपंल, म्हणून मीच जास्त खूश हुते. आन् गाऊनमध्ये बघून किंचाळली ती."

सिद्धेश्वरीनं चहा खाली ठेवला. ती फोन काढून शेजारी बसली. "एका दिवसात किती हुतंय बघू," ती म्हणाली. रेवणप्पा नातीला घेऊन देवळात गेले होते, घरात उठणारं कुणी नव्हतं, म्हणून महिन्याभरात पहिल्यांदाच तिनं व्हिडिओचा आवाज चालू केला.

"यार्न ओव्हर," गोरी बाई गोड आवाजात म्हणाली. खाली अक्षरं आली: 'सूत संपले.'

"काय म्हणती ती?" दानम्मानं विचारलं.

"यार्न ओव्हर. सूत संपलं. ओव्हर म्हंजे संपलं, अत्ती. मॅच ओव्हर, पिक्चर ओव्हर."

दानम्मा दुसरी पास. तिनं फोन हातात घेतला, बाईच्या हातांकडं बघितलं, पुन्हा लावायला लावलं, पुन्हा बघितलं. "तिचं सूत संपलेलं न्हाय," ती म्हणाली. "गुंडा हाय की तिच्या मांडीवर. एवढा." मग तिचे डोळे बारीक झाले. "ओव्हर म्हंजे संपलं, तर मग रेल्वेवरचा ओव्हरब्रिज संपलेला असतोय काय गं?"

सिद्धेश्वरीनं फोन स्वतःकडं ओढला.

"वरनं जातोय की तो! वरनं! सूत सुईच्या वरनं घे म्हणतीय ती बया. आन् तू महिनाभर कापत बसलीस!"

नऊ चौकोन. दोनशे सोळा गाठी. महिनाभराच्या दुपारी. सिद्धेश्वरीला आधी रडू आलं असं वाटलं, पण तोंडातून आलं ते हसू, आणि ते बघून दानम्मालाही आलं. दोघी चादरींच्या गठ्ठ्यावर पडून एवढ्या हसल्या की जगदेवी काय झालं म्हणून बघायला आली. साडी नेसून.

"वेगळे चौकोन नकोत," दम खाऊन सिद्धेश्वरी म्हणाली. "एकच करू. मधनं सुरू करायचं आन् फेऱ्या वाढवत जायचं."

पण अख्खी लोकर उरली नव्हती, उरले होते तुकडे. तेव्हा दानम्मानं बाह्या सावरल्या. तेलुगू शेजारणीनं नवव्या वर्षी शिकवलेली विणकराची गाठ, बारीक आणि टणक, अंगठ्यावर नुसतं एक वळण, तिच्या बोटांत अजून होती. ती तुकडे जोडत गेली, लालला निळा, निळ्याला जो हाताला येईल तो, आणि सिद्धेश्वरी न तोडता विणत गेली. अर्ध्या तासात एवढं झालं की पूर्वी त्याला चार दुपारी लागल्या असत्या. गाठींच्या शेपट्या दानम्मानं दोन दोन बोटं ठेवल्या. ठेवताना तोंड दुसरीकडं करायची.

"कापा थोड्या," सिद्धेश्वरी म्हणाली.

"गप. माझ्या हातनं कात्री काढून घे आधी."

रेवणप्पा परत आले तेव्हा चौकोन परातीएवढा झाला होता. "दुकानात?" ते ओरडले. "गिऱ्हाइकासमोर भोकं?"

"तुमच्या चादरीत बोट जातंय का?" दानम्मानं विचारलं.

"जाऊ नये म्हणून तर चादर!"

"मग तुमच्या नातीला तुमची चादर काय कामाची?"

रेवणप्पा नातीला गल्ल्यावर बसवून स्वतः पायरीवर गिऱ्हाईक अडवायला उभे राहिले. दिवेलागणीला चौकोन चिन्नीच्या अंगावर येईल एवढा झाला. रंगांना काही ताळ नव्हता. एका फेरीत निम्मा लाल आणि मधेच वीतभर हिरवा, जिथं दानम्माच्या हाताला हिरवा लागला तिथं. मडमेनं बघितला असता तर तिचंच सूत संपलं असतं.

सोमवारी सिद्धेश्वरी चिन्नी जागी असतानाच, तिला सांगून, पापा घेऊन निघाली. चिन्नी दारापर्यंत रडली. दुपारचा प्रश्न मागं उरला तो उरलाच.

पावणेदोन वाजले तेव्हा तिच्यासमोर करकंबहून आलेले हरिबा नावाचे आजोबा बाही वर करून बसले होते. रक्त घेऊन झालं होतं. सुई निघाली होती, कापूस लागला होता, आजोबांनी मूठ मात्र आवळलेलीच ठेवली होती. एप्रनच्या खिशात फोन थरथरला.

"झोपली," दानम्मा कुजबुजली.

सिद्धेश्वरीनं टेबलाचा काठ धरला. "रडली का?"

"रडली की. मीबी रडले. मग त्यात बोट घातलं तिनं. मधल्या भोकात."

"मग तुमी हळू का बोलताय? उठून बाहेर या की. जेवा."

"कशी उठू?" फोनमध्ये नुसता श्वास. "शेजारच्या भोकात माझं बोट घालून घेतलंय तिनं. आतनं धरलंय. जरा हलले की डोळं उघडती. सिद्दव्वा, माझं नाक खाजतंय गं."

"दुसऱ्या हातानं खाजवा."

"त्या हातात फोन हाय."

"मग फोन ठेवा, अत्ती!"

"ठेवते. थांब, आदी ऐक." काही तरी सरकल्याचा आवाज झाला, आणि मग पोरीचा श्वास, नाकात जरा शेंबूड अडकलेला, सावकाश, आत, बाहेर. सिद्धेश्वरी फोन कानाला घट्ट लावून उभी राहिली. श्वासामागं सासू शिंक दाबत असल्याचं तिला ऐकू येत होतं.

"म्याडम," हरिबा आजोबा म्हणाले, "मूठ सोडू का आता? हात बधिर झाला."